तीन वेढे

येमूल चेकरने माझी विडी ओठात धरली आणि काडेपेटीसाठी शर्टाचा खिसा चाचपला.

ती माझीच होती. विडी कारखान्याच्या ब्रँचच्या दारातूनही मला ओळखू आली. आम्ही बायका विडीला पान गुंडाळून झालं की दोऱ्याचे दोन वेढे देतो आणि गाठ मारतो. हिला तीन वेढे होते. तीन वेढे मी फक्त बापासाठी वळलेल्या विड्यांना द्यायचे. त्या चुकूनसुद्धा कारखान्याच्या मालात जाऊ नयेत म्हणून.

त्या मालात गेल्या होत्या.

अम्मा येमूलच्या समोर उभी होती. पुढ्यात विड्यांची पाटी, पदराने मान पुसत. तिच्यामागे पंधरा-वीस बायकांची रांग. येमूलची रीत ठरलेली. प्रत्येकीच्या पाटीतून मूठभर विड्या उचलायच्या, वाकड्या निघतील त्या छाट म्हणून फेकायच्या आणि एक ओढून बघायची. माल ओढून बघितल्याशिवाय कळत नाही म्हणायचा. त्याला घरची विडी लागत नव्हती एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं.

पहिली काडी ओली निघाली. विझली.

---

जानेवारीत डॉक्टर मेणसे आणि माझे वडील यांच्यात झालेलं बोलणं असं होतं:

"दिवसाला किती विड्या?"

"दोन कट्टे, साहेब."

"म्हणजे पन्नास. दुखतं कुठे?"

"बोटात. टाचेत. बुटात निखारा ठेवून बूट घातल्यागत."

"अंगठा कधीपासून काळा आहे?"

"दिवाळीपासून."

"विडी ओढल्यावर काय होतं?"

"बरं वाटतं."

"वाटतं. पण एकेका विडीला पायातली रक्तवाहिनी आणखी आवळते. रक्त नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून तुम्ही ओढता, ओढता म्हणून रक्त नाही. कमरेतली एक नस कापली तर या वाहिन्या थोड्या सैल पडतील. पण दोन महिने एकही विडी नको. एक ओढलीत तरी ऑपरेशन वाया. मग सरळ पाय."

"पाय म्हणजे?"

डॉक्टरांनी स्वतःच्या पोटरीवर हाताची धार ठेवली.

नायना हसले. माझ्या वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. ते चादरीच्या मागावर बत्तीस वर्षं उभे राहून काम करत आले होते. ते म्हणाले, "साहेब, आमचं घर बघितलंय का? घरात जेवढं पीठ न्हाई तेवढी तंबाखू हाय."

---

खरंच होती. सोलापुरात भद्रावती पेठेत आमची दीड खोली. तंबाखूचं पोतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, दोरा, दोन सुपं. अम्मा आणि मी दिवसाला एक हजार वळायचो. अम्माच्या नावचं कार्ड होतं. त्या कार्डावर विडी कामगारांच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळायची आणि त्या चिठ्ठीवर ऑपरेशन. मालात भेसळ सापडली की कार्ड जप्त. दोन गल्ल्या सोडून एकीचं झालं होतं, तंबाखूत भुसा मिसळला म्हणून.

कार्ड नाही तर चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही तर पाय नाही. हे मला पाढ्यासारखं पाठ होतं.

---

येमूलने दुसरी काडी काढली.

"अम्मा," मी दारातून हाक मारली. तिने वळून बघितलं. मी धावत आले होते, पायात चप्पल नव्हती. बायकांनी वाट दिली नाही. "भूदेवी, माल द्यायला आलीस तर रांगेत ये की गं," कुणीतरी म्हणालं.

मी अम्माच्या दंडाला धरलं. कानाशी म्हणाले, "डब्यातल्या विड्या घातल्यास का?"

"बावीस कमी पडल्या. पानं फाटकी होती."

"त्या परत घे."

"का?"

"परत घे म्हणते ना."

"गप. घरी जा," अम्मा म्हणाली. "ओढू दे त्याला."

मला वाटलं, हिला काही माहीत नाही.

---

शेजारच्या सत्तव्वाच्या गालात एक नस होती. वारा लागला, घास चावला, कधी नुसतं कुणाचं नाव उच्चारलं तरी त्या नसेतून वीज जायची. सत्तव्वा बोलता बोलता थांबायची, गाल धरायची, डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. दाताचं दुखणं म्हणून एकाने तिचे चार दात काढले.

"दात गेले," ती सांगायची, "दुखणं हाय तिथंच हाय. ते म्हणतंय, घर मोकळं झालं, आता ऐसपैस बसतो."

ती डोक्यावरून शाल घेऊन पाला ओढायची. धोतऱ्याचा, वाळवलेला. हे तिला कुणा जडीबुटीवाल्याने शिकवलं होतं. तिनेच मला दिला.

"तंबाखू न्हाई बग यात. तुझ्या बापाला विडी पायजे ना? तोंडात विडी, हातात विडी, धूर बी हाय. डॉक्टरला काय कळतंय?"

"काही होत नाही ना याने?"

"दोन झुरके, बास. जास्ती ओढली तर माणूस दुसरीकडंच जातंय. आमच्या गावचा एक ओढून बैलगाडीवर बसला. गाडी विहिरीत. बैलं मेली, ते राहिलं."

ती हसली, आणि लगेच गाल धरून गप्प झाली.

मी वीस वर्षांची होते. मी पाला आणला. विड्या वळल्या, तीन वेढे दिले, बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. नायनांना म्हणाले, "यात औषधी पाला आहे. दोन झुरक्यांवर ओढायची नाही." अम्माला म्हणाले, "डब्याला हात लावू नको, नायनांचं औषध आहे." पुढच्या प्रत्येक तपासणीला डॉक्टरांना दिवस मीच सांगायचे. वीस झाले साहेब. एक्केचाळीस झाले. डॉक्टर कागदावर लिहायचे. गुरुवारी चौसष्ट होणार होते आणि गुरुवारी ऑपरेशनची तारीख मिळणार होती.

आज सोमवार. मी नळावरून आले, डबा रिकामा.

"नायना, डबा?"

"अम्मानं नेल्या की. माल कमी पडला म्हणली."

---

काडी पेटली.

येमूल विडी शेवटपर्यंत ओढायचा, नखाला चटका बसेपर्यंत. ओढून झाली की सायकलवर बसून मोठ्या रस्त्याने दुसऱ्या ब्रँचला जायचा.

तो मरणार नाही, मी स्वतःला सांगितलं. बावीसातली एक. दोन झुरके तर दोन झुरके.

मग उरलेल्या एकवीस?

त्या कट्ट्यात बांधल्या जातील. कट्ट्यावर कागद चढेल, कागदावर शिक्का. कुठल्या तरी टपरीवर एखादा ट्रकवाला तो विकत घेईल. घाटात एक पेटवेल. त्याला दोन झुरके कोण सांगणार?

येमूलने काडी विडीजवळ नेली.

मी मनात म्हटलं, पाय. नायनांचा उजवा पाय. ते तो मांडीवर घेऊन बसायचे, तान्ह्या पोराला घेतात तसा.

काडीची ज्योत विडीला लागली. त्याने गाल आत ओढले.

"ओढू नका! त्यात तंबाखू न्हाई!"

---

वरचा पंखा तेवढा ऐकू यायला लागला.

येमूलने विडी तोंडातून काढली. "काय म्हणलीस?"

"त्यात धोतरा आहे. मी घातलाय. तीन वेढे असलेल्या सगळ्या विड्यांत. अम्माला ठाऊक नाही, तिने चुकून आणल्या."

"धोतरा?" मागची एक बाई किंचाळली. "अगं, माणसं मारतीस का?"

"गुंडेटी," येमूल अम्माला म्हणाला. तो आम्हाला आडनावानेच हाक मारायचा. "कार्ड काढ."

"पोरीचं डोकं फिरलंय, साब."

"कार्ड काढ म्हणतोय."

"तंबाखूच हाय त्यात."

"अम्मा, खोटं बोलू नको," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. "साब, चूक माझी आहे. कार्ड तिचं आहे. मला काय करायचं ते करा."

"तुझं काय करू? तुझं नाव तरी हाय का कुठं वहीत?"

अम्माने कमरेची पिशवी सोडली. कार्ड काढलं. ते चार घड्या घातलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड तिने त्याच्यासमोर ठेवलं. पण बोट त्यावरून उचललं नाही.

"आधी फोडून बघा," ती म्हणाली. "मग घ्या."

येमूलने विडी विझवली. तळहातावर घेतली, नखाने दोरा तोडला, पान उलगडलं. नाकाजवळ नेलं. चिमूट दोन बोटांत चोळली. जिभेला लावली.

"तंबाखू," तो म्हणाला.

दुसरी फोडली.

तंबाखू.

तिसरी. चौथी. मी स्वतः पाटीत हात घालून तीन वेढे शोधत होते, त्याच्यापुढे टाकत होते. सातवी. दहावी.

"आपलीच हाय. आपल्या पोत्यातली," येमूल म्हणाला. "बे, काय चाललंय सकाळी सकाळी? धोतरा म्हणं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी रांगच हसायला लागली. "लग्न करा पोरीचं," एक म्हणाली. "शिवणाच्या क्लासला जाऊन जाऊन असं व्हतंय," दुसरी. येमूलने फोडलेल्या विड्या आणि त्यांच्याबरोबर आणखी मूठभर छाटीत टाकल्या. वेळ खाल्ल्याचा दंड. कार्ड अम्माकडे सरकवलं.

मीही हसले. खरंच हसले. कार्ड बचावलं होतं. मला वाटलं, देवाने माझा पाला बदलला.

---

दारातून बाहेर पडून दहा पावलं चाललो असू.

तंबाखू.

मी थांबले.

---

"अम्मा. कधीपासून?"

"चल घरी. ऊन झालंय."

"कधीपासून?"

तिने पाटी डोक्यावर उलटी ठेवली, उन्हाला. "पाचव्या दिवसापासनं."

"माझ्या विड्यांचं काय केलंस?"

"गटारीत."

"आणि तीन वेढे?"

"तू दिलेस तसेच दिले. तुला कळू नये म्हणून. तुझी गाठ डावी येती, तशी बी मारली."

एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. अम्मा बाजूला झाली नाही.

"डॉक्टर काय म्हणाले होते ते तू ऐकलं होतंस ना? तिथेच होतीस ना तू?"

"तू क्लासला गेलतीस," अम्मा म्हणाली. "पाचव्या दिवशी. मी वळत बसले होते. मागं बोलणं ऐकू आलं. बघते तर हे भिंतीशी बोललालेत. शंकरशी."

शंकर माझा काका. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"बस की म्हणत होते त्याला, चहा घे. डोळे नुसते काळे, बुबुळच बुबुळ. जीभ लाकडासारखी. मी हलवलं. तर माझ्याकडं बघून म्हणले, बाई, जरा पाणी देता का?" तिने डोक्यावरची पाटी सावरली. "बाई म्हणले मला. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर."

"मग मला सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू पाला बंद केला असतास. मग काय दिलं असतंस? दुकानातल्या लाल गोळ्या? त्या तीन-तीन खाऊन बघितल्या त्यांनी, पोटातनं रक्त पडलं. तू क्लासला जातीस. नळाला जातीस. मी तिथंच बसलेली असते, भूदेवी. सुपात खाली मान घालून. हजार विड्या होईस्तोवर ते कण्हणं मी ऐकते."

"पाय जाईल, अम्मा."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे?"

"पाय गेला तरी माणूस घरात राहतंय," ती म्हणाली. "एवढंच डोक्यात आलं. पुढचं न्हाई आलं."

मला तिला मारावंसं वाटलं. हे मी आज लिहू शकते, कारण ती आता नाही. उन्हात, भर रस्त्यात, माझ्या आईला.

त्याच वेळी हेही दिसत होतं की पहिले चार दिवस मी माझ्या बापाला विष दिलं होतं.

---

नायना खाटेवर होते. पाय खाली सोडलेला.

"मिळाल्या का विड्या?" त्यांनी विचारलं.

अम्मा न थांबता आत गेली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काळा अंगठा माझ्या तोंडासमोर आला.

"नायना, डब्यातल्या विड्यांत तंबाखू होती. पाचव्या दिवसापासून."

त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाटेवर घेतला. त्याला बराच वेळ लागला.

"हां," ते म्हणाले.

"हां काय?"

"बत्तीस वर्षं ओढतोय गं. पहिल्या झुरक्याला कळलं."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तूच घाललालीस."

"मी?"

"आधी पाला होता. मग एक दिवस तंबाखू आली. मला वाटलं, पोरीला माझे हाल बघवेनात. डॉक्टरसमोर एवढी ताठ उभारून दिवस सांगायचीस. वीस. एक्केचाळीस. मला वाटलं, पोरगी बापासाठी खोटं बोललाली, त्यात आपण कशाला तोंड उघडायचं? उघडलं असतं तर तू लाजून बंद केली असतीस." ते अंगठ्याकडे बघत होते. "आणि मला विडी पायजे होती. खरं ते सांगतो."

अम्मा दारात आली होती. तिने कमरेवर दोन्ही हात ठेवले होते, भांडायला उभी राहते तशी. पण कुणाशी भांडावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

---

सोमवार दुपार. नायना म्हणाले, डबा नको.

सोमवार संध्याकाळ. डबा द्या.

मंगळवार. पोतं, सुपं, पानं सगळं सत्तव्वाच्या ओट्यावर नेलं. तरी फरशीच्या फटीत चुरा राहिला होता. नायना खाली उतरून तो बोटाने गोळा करताना सापडले. अम्माने झाडू घेतला. त्यांनी झाडू धरला. दोघं झाडूची दोन टोकं धरून बसली, कुणी ओढेना, कुणी सोडेना.

मंगळवार. त्यांनी मला अशी शिवी दिली जी मी पुन्हा कुणाच्याही तोंडून ऐकली नाही.

बुधवार. पंचा तोंडात. पाय बादलीत. बादलीतून बाहेर. पुन्हा बादलीत. सत्तव्वा दारात येऊन म्हणाली, "दोन झुरके देऊ का?" अम्मा तिला काय म्हणाली ते लिहीत नाही. पाच मिनिटांनी सत्तव्वा परत आली, नायनांच्या पायाशी बसली आणि पाठ वळवून स्वतःचा गाल दाबत राहिली.

बुधवार.

बुधवार संपला नाही.

---

गुरुवारी आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

वाटेत मी ठरवलं होतं की मीच सांगेन. दिवस मीच सांगत आले होते. पण डॉक्टर मेणसेंच्या टेबलावर ऑपरेशनचा कागद आधीच भरलेला होता, फक्त तारखेची जागा कोरी. त्यांचं पेन त्या जागेवर होतं. एक आकडा सांगायचा होता. सांगितला की तारीख मिळणार होती.

"चौसष्ट ना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी अम्माकडे बघितलं. अम्मा भिंतीकडे बघत होती.

"तीन," नायना म्हणाले.

डॉक्टरांनी कागद चाळले. "मागच्या खेपेला हिने पन्नास सांगितले होते."

"ते तिचे. माझे तीन."

डॉक्टरांनी पेन उचललं. तारखेच्या जागेवर आडवी रेघ मारली. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी पाय हातात घेतला, बोटं दाबली, घोटा दाबला. "हा आता वाचणार नाही," ते म्हणाले. "पण दुसरा अजून गरम आहे. आजपासून मोजायला लागलो तर दुसऱ्याचं काही करता येईल."

उजवा जूनमध्ये गेला, पोटरीपासून. डावा त्यांच्याबरोबर अठरा वर्षं चालला. हे त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवशी फक्त ती रेघ होती.

डॉक्टर कागद बाजूला सारून पुढच्या पेशंटला हाक मारणार होते. थांबले.

"तीन दिवस," ते म्हणाले. "काहीच न घेता?"

"काहीच न घेता."

"कसे काढलेत?"

नायनांनी आमच्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. बाहेर रांग होती. दारातली नर्स दोनदा आत डोकावून गेली. डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

"सांगा," ते म्हणाले.

"लांबलचक हाय, साहेब."

"सांगा."

नायना म्हणाले, "मग सोमवार दुपारपासनं सांगतो."

अम्माने पदर खोचला आणि फरशीवर बसली. तिच्या शेजारी मीही बसले.